शिंकांचं पंचांग: गोव्यातली झाडं, हवेतले पराग आणि आपलं नाक

दिवाळी आठवड्यावर आली की संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना कुठल्यातरी वळणावर तो जड, गोड, थोडा उग्र वास नाकात घुसतो. सातवीण, म्हणजे सप्तपर्णी, फुललीय. कोणाला तो वास आवडतो, कोणाचं डोकं धरतं, आणि घरी पोचून चार शिंका आल्या की दोष सरळ सातविणीच्या माथी. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दरवर्षी या सुमाराला एक मेसेज ठरलेला, "ते कोपऱ्यावरचं झाड कापायला अर्ज करूया", खाली पंधरा अंगठे, मग एक काकी लिहितात की माझी आई जन्मभर त्याच झाडाखालून देवळात गेली, तिला कधी काय झालं नाही. मी पण दोन वर्षं अंगठेवाल्यांतच होतो, मग एका ऑक्टोबरात वही घेऊन बसलो आणि हिशेब काही जुळेना.

आधी एक गोष्ट वेगळी करूया. वास वेगळा आणि पराग वेगळे. वास म्हणजे हवेत उडालेली रसायनं, आणि ज्यांचं नाक किंवा छाती आधीच हळवी आहे त्यांना ती झोंबतात, अत्तर झोंबतं, अगरबत्ती झोंबते तशी. पराग म्हणजे फुलातली नर पूड, एकेक कण साधारण 10 ते 100 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे आपल्या केसाची जाडी 70 च्या आसपास धरली तर बरेचसे पराग त्याहून बारीक. डोळ्याला एकटा कण दिसत नाही. ॲलर्जी होते ती परागातल्या प्रथिनांची, वासाची नाही.

आता झाडांचे दोन प्रकार बघा. काही झाडं आपला पराग पोचवायला मधमाश्या, फुलपाखरं, माश्या, वटवाघळं असे कुरिअर ठेवतात, म्हणून त्यांना रंग, वास, मध असं सगळं दुकान मांडावं लागतं आणि त्यांचा पराग जड नि चिकट असतो, किड्याच्या पायाला चिकटावा म्हणून. जास्वंदीचा पराग मायक्रोस्कोपखाली बघितला तर काटेरी गोळा दिसतो, 100 मायक्रॉनच्या वर, तो उडून तुमच्या नाकात कुठे येणार. दुसरी झाडं वाऱ्याच्या भरवशावर. त्यांना दिखाव्याची गरज नाही, फुलं इतकी बारीक की झाड फुललंय हेच कळत नाही, पण वारा पत्ता विचारून जात नाही म्हणून पराग सोडतात ते ढिगाने, हलका, कोरडा, मैलभर जाईल असा. सुरूचं झाड हे त्याचं उत्तम उदाहरण, मिरामारला किंवा दक्षिणेच्या किनाऱ्यांवर दिसतं ते, ज्याच्या सावलीत आपण गाडी लावतो आणि ज्याला फुलं येतात हेच अर्ध्या लोकांना माहीत नाही. फांद्यांच्या टोकांना तपकिरी बारीक तुरे दिसले की समजायचं. तसाच रिकाम्या प्लॉटवरचा एरंड, तसंच सगळं गवत.

म्हणजे ढोबळ नियम असा की जे फूल फोटो काढण्यासारखं आहे ते बहुधा निर्दोष आणि जे दिसतच नाही त्याच्यावर संशय घ्यायचा. गुलमोहर, बोगनवेल, चाफा यांना उगाच शिव्या बसतात. सातवीणही किड्यांवर चालणारी आहे, तिचा वास हळव्या छातीला त्रास देऊ शकतो हे खरं, त्या अर्थाने अंगठेवाले पूर्ण चुकीचे नाहीत, पण ती फुलते नेमकी तेव्हाच हवेत बाकी इतकं काही असतं की वासामुळे ती पकडली जाते आणि खरा चोर मोकळा.

नाकात नक्की काय होतं ते थोडक्यात. पहिल्यांदा पराग भेटतो तेव्हा काहीच होत नाही. फक्त काही जणांचं शरीर त्या प्रथिनाला शत्रू समजून त्याच्यासाठी आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं आणि ती नाकातल्या, डोळ्यांतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात, पहारेकऱ्यासारखी. पुढच्या मोसमात तोच पराग आला की त्या पेशी फुटल्यासारख्या हिस्टामिन सोडतात, मग खाज, शिंका, पाणी, लाल डोळे. म्हणूनच "इतकी वर्षं काही नव्हतं, आत्ताच कसं झालं" हा प्रश्न सगळे विचारतात, तर पहारा बसायलाच काही मोसम जातात. आणि काकींच्या आईचं शरीर तो पहारा बसवतच नसेल, तो नशिबाचा आणि घराण्याचा भाग. सर्दीशी गल्लत होते म्हणून एवढं लक्षात ठेवा: ताप नाही, पाणी पातळ आणि स्वच्छ, खाज आहे (टाळूला, कानात आतून, डोळ्यांच्या कोपऱ्यात), आठवड्याभरात जात नाही आणि दरवर्षी त्याच सुमाराला येतं, तर ते विषाणूचं काम कमी, ॲलर्जीचं जास्त.

हे सगळं मोजतात कसं, ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते. मँचेस्टरमध्ये चार्ल्स ब्लॅकली नावाचे एक डॉक्टर होते, त्यांना स्वतःलाच हा त्रास, म्हणून त्यांनी काचेच्या पट्ट्यांना चिकट लेप लावून हवेत ठेवल्या, पतंगाला बांधून वरसुद्धा पाठवल्या, आणि स्वतःच्या कातडीवर ओरखडा काढून पराग चोळून बघितला. 1873 मध्ये त्यांनी हे छापलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपल्याकडे कलकत्त्यात डेव्हिड कनिंगहॅम यांनी तिथल्या तुरुंगांच्या आवारातली हवा मायक्रोस्कोपखाली तपासून पुस्तक काढलं, त्यांना खरं म्हणजे कॉलऱ्याचं कारण हवेत मिळतं का बघायचं होतं, मिळाले पराग आणि बुरशीचे बीजाणू. पुढे औरंगाबादला प्रा. एस. टी. टिळक यांनी हाच विषय आयुष्यभर लावून धरला, हवेतले कण पकडायचं यंत्र बनवलं, टिळक एअर सॅम्पलर म्हणून ते ओळखलं जातं, म्हणजे या शास्त्रात एक मराठी आडनाव यंत्रावरच कोरलेलं आहे.

जगभर आजही जास्त चालतं ते 1952 सालचं हर्स्ट यांचं डिझाइन. एक छोटा पंप मिनिटाला 10 लिटर हवा ओढतो, निवांत बसलेल्या माणसाच्या श्वासापेक्षा थोडीच जास्त. ती हवा एका फटीतून चिकट पट्टीवर आदळते, पट्टी एका ड्रमवर गुंडाळलेली आणि ड्रम तासाला 2 मिलिमीटर सरकतो, त्यामुळे पट्टीवर बघून सांगता येतं की सकाळी नऊला काय होतं आणि दुपारी तीनला काय. मग कोणीतरी माणूस मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक कण ओळखून मोजतो आणि एका घनमीटर हवेत इतके पराग असा आकडा निघतो. किचकट काम, मान मोडते, आणि आकडा हातात येईपर्यंत कालची हवा गेलेली असते. आता जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये कॅमेरा आणि लेझरने कण ओळखणारी यंत्रं बसवलीत जी तासातासाला आकडे देतात.

मग आपल्या फोनमधलं हवामानाचं ॲप पणजीला "ट्री पोलन: लो" म्हणतं ते कुठून येतं? ते मॉडेल असतं. उपग्रहावरून दिसणारी हिरवळ, झाडांचे नकाशे, तापमान, पाऊस, वारा घालून काढलेला अंदाज. त्याने हवेचा एकसुद्धा कण मोजलेला नसतो आणि त्याला तुमच्या गल्लीतला प्लॉट माहीत नसतो. थंड देशांत बर्च, ओक अशी मोजकी झाडं ठरलेल्या महिन्यात एकदम फुलतात तिथे असे अंदाज बरे जमतात. आपल्याकडे इतक्या जातींची झाडं, प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं, माडाला तर वर्षभर पोय, म्हणजे फुलोरा, येतच राहते, त्यामुळे "ट्री" या एका शब्दात काहीच कळत नाही. चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलच्या लोकांनी प्रत्यक्ष हवा मोजून त्या शहराचं पराग कॅलेंडर केलं, 2022 मध्ये ते बाहेर आलं, कुठल्या महिन्यात कशाचा पराग ते त्यात आहे, पण चंदीगडचं कॅलेंडर गोव्यात लावणं म्हणजे तिकडच्या थंडीसाठी इकडे स्वेटर विणणं.

तर आपलं पंचांग आपणच मांडूया, सणावारांनी.

चवथीपासून, म्हणजे गणेश चतुर्थीपासून, दिवाळीपर्यंत गवताचं राज्य. पावसाने सडे, बांध, रस्त्याच्या कडा सगळं भरून आलेलं असतं, सप्टेंबरमध्ये गवत तुऱ्यावर येतं, सरद, म्हणजे पावसाळी, भाताची शेतंही त्याच सुमाराला फुलून मग कापणीला येतात, आणि गवताचा पराग हा जगात सगळीकडे ॲलर्जीच्या पहिल्या आरोपींत आहे. कापणी, मळणीची धूळ वेगळी. गाजर गवत आहेच. सुरूचा एक बहर पावसानंतरच. ऑस्ट्रेलियन अकेशिया पिवळे तुरे सोडायला लागते. त्यात मग सातवीण फुलते आणि नरकासुराच्या रात्री त्याचे पुतळे जाळताना अख्ख्या गावात पुठ्ठे, पेंढा, फटाके जळतात. दुसऱ्या दिवशी पहाटे धूर खाली बसलेला असतो, आणि धुराने सुजलेल्या नाकाला तोच पराग दुप्पट लागतो. आता या सगळ्या गर्दीत एकट्या सातविणीचं नाव घेणं म्हणजे जत्रेत पाकीट गेलं आणि पकडला पिपाणीवाल्याला, कारण त्याचा आवाज येत होता.

डिसेंबर ते फेब्रुवारी मोहोराचा काळ. आंब्याचा मोहोर माश्यांच्या जिवावर चालतो, त्याचा पराग फार लांब जात नाही, पण अंगणातच झाड असेल, फांद्या खिडकीला टेकत असतील तर गोष्ट वेगळी. काजूचंही तसंच, किड्यांवर चालणारं झाड, चिकट पराग, वरच्या नियमाने निर्दोष सुटायला हवा. पण इथेच नियम थोडा वाकतो. 1995 मध्ये गोव्यातल्या डॉक्टरांनी दम्याच्या रुग्णांवर अभ्यास करून काजूच्या परागाची ॲलर्जी असते हे दाखवून दिलं. कारण सोपं आहे, सत्तरी, डिचोली, काणकोण, पेडणे इथे डोंगरच्या डोंगर काजूचे, माणसं त्या झाडांखालीच वावरतात, झाडणं, बोंडू वेचणं, तर पराग तुमच्याकडे उडून यायची गरजच नाही, तुम्हीच त्याच्याकडे जाता. झाड वाऱ्याचं की किड्याचं हा पहिला प्रश्न, पण ते किती आहे आणि किती जवळ आहे हा दुसरा, आणि कधीकधी दुसराच भारी पडतो. याच दिवसांत सकाळी गारठा असतो, वारा जमिनीकडून, मतलई, हवा जड आणि खाली दाबलेली, कोणीतरी परसात पालापाचोळा जाळत असतं. दुपारी खारे वारे सुटले की समुद्राची धुतलेली हवा आत येते आणि बरं वाटतं. किनाऱ्यापासून आत, फोंड्याच्या पलीकडे, हा आराम उशिरा आणि कमी मिळतो.

शिगम्यापासून, म्हणजे होळीपासून, मेपर्यंत सुरूचा दुसरा बहर, धूळ, रस्त्यांची खोदकामं, आणि मेच्या शेवटी वळीव. वादळी पावसाबद्दल एक सावधगिरी: पाऊस हवा धुतो हे खरं, पण गडगडाटी पावसाच्या तोंडाशी जो वारा उठतो त्यात ओले झालेले पराग फुटून त्यांचे अगदी बारीक कण होतात, अख्खा पराग नाकात अडकतो, हे कण थेट फुप्फुसात जातात. मेलबर्नमध्ये 21 नोव्हेंबर 2016 ला असं वादळ झालं, हजारो लोक हॉस्पिटलात गेले, 10 जण दगावले. दम्याच्या माणसाने अशा वेळी खिडकीत उभं राहून मातीचा वास घेऊ नये, दार लावून आत बसावं.

जून ते ऑगस्ट पराग बहुतेक धुऊन जातात, आणि तरी तुमच्या शिंका चालूच असतील तर झाडांना सोडा, गादी बघा. पावसाळ्यातला आपला दमटपणा म्हणजे बुरशी आणि धुळीतले माइट्स (गादी-उशीत राहणारे, डोळ्याला न दिसणारे जीव) यांची चंगळ. माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो, तो ओलावा पन्नास टक्क्यांच्या खाली गेला तर सुकून मरतो, आपल्याकडे पावसात ऐंशी-नव्वदच्या खाली येतं कधी. कपाट उघडल्यावर कुबट वास आला की ओळखा. चादरी, अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात.

अकेशियाबद्दल एक वेगळं बोलायचं आहे. हे झाड इथलं नाही, ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनीकडचं, पटकन वाढतं म्हणून गोव्यात सड्यांवर, रस्त्यांकडेला, खाणींच्या मातीच्या ढिगांवर भरपूर लावलं. त्याचे पराग सोळा-सोळाच्या गठ्ठ्यात असतात त्यामुळे सुरूसारखे लांब जात नाहीत, पण झाडंच शेकड्यांनी असली तर जवळच्या वस्तीला काय फरक पडतो. एकाच जातीचं रान लावायची फळं जपान भोगतंय. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लाकडासाठी डोंगरांवर सुगीची, म्हणजे जपानी सीडरची, बेसुमार लागवड झाली, झाडं मोठी झाली आणि सगळी मिळून पराग सोडायला लागली. 2019 च्या पाहणीत जवळपास 39 टक्के लोकांना त्याची ॲलर्जी निघाली, आणि 2023 मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की दहा वर्षांत या लागवडीचं क्षेत्र 20 टक्क्यांनी घटवू. म्हणून शहरात झाडं लावताना "किती" एवढंच मोजू नका, "कोणती आणि किती प्रकारची" तेही विचारा.

आता स्वतःचं ट्रॅकिंग. फार शास्त्र नको, एक वही किंवा फोनमधली नोट. रोज रात्री चार गोष्टी: नाक 0 ते 3, डोळे 0 ते 3, छाती 0 ते 3, आणि आज कुठे होतो. आठवड्यातून एकदा घराच्या शंभर-दोनशे पावलांतली झाडं बघायची, काय फुललंय, गवत तुऱ्यावर आहे का, कोणी कापलं का. झाडांच्या नोंदी ठेवायला सीझनवॉच नावाचा भारतातला प्रकल्प आहे, शाळेतली पोरंसुद्धा त्यात दर आठवड्याला एक झाड बघून लिहितात. घरात कोणाकडे कॉलेजचा मायक्रोस्कोप असेल तर काचपट्टीवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवून बाल्कनीत दिवसभर ठेवा, रात्री बघा. आकडा शास्त्रीय नाही येणार पण गवताचा गोल, एकच भोक असलेला कण एकदा ओळखता आला की वेड लागतं. दोन मोसमांची वही डॉक्टरकडे नेलीत तर ते खुर्चीत सरळ होऊन बसतात, हा माझा अनुभव.

डॉक्टर मग स्किन प्रिक टेस्ट सुचवतील, हातावर थेंब, हलकीशी टोचणी, 15-20 मिनिटांत 3 मिलिमीटर किंवा मोठी गांधी उठते का बघायचं. त्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या सुमारे आठवडाभर बंद लागतात, नाहीतर गांधीच उठणार नाही आणि पैसे वाया. आणि विचारून घ्या की टेस्टमध्ये काय काय आहे, गवत, सुरू, माड, काजू, माइट आहेत की दुसऱ्याच मुलखातली झाडं.

औषधांत आपण लोक एक चूक हमखास करतो, मीही केली. फार्मसीत जाऊन नाक मोकळं करणारे थेंब आणले, झायलोमेटाझोलिन का ऑक्सिमेटाझोलिन, दोन मिनिटांत स्वर्ग, म्हणून दोन महिने घालत राहिलो. हे तीन-चार दिवसांवर वापरायचे नसतात, नंतर नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही आणि तुम्हाला वाटतं ॲलर्जी वाढली. खरं रोजचं औषध म्हणजे नाकातला स्टेरॉइड स्प्रे, फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे, स्टेरॉइड म्हटल्यावर घरातले घाबरतात पण तो नाकापुरताच असतो. तो लगेच काम करत नाही, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे, म्हणून डॉक्टरांना विचारून मोसमाच्या दोन आठवडे आधी सुरू करायचा, आणि इथे ती वही कामाला येते. मारताना मान खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नाही, आणि जोरात ओढायचं नाही, घशात जातो.

गोळ्यांत जुन्या पिवळ्या सीपीएमने (क्लोरफेनिरामिन) झोप येते, ती घेऊन स्कूटर नको. सेटिरिझिननेही काहींना येते, फेक्सोफेनाडीनने कमी, पण ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, पाण्याबरोबरच. आणि लेव्होसेटिरिझिन-मॉन्टेलुकास्टची जोडगोळी आपल्याकडे चण्याफुटाण्यासारखी खाल्ली जाते, त्यातल्या मॉन्टेलुकास्टवर 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने कडक इशारा छापायला लावला, काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार येऊ शकतात म्हणून. घरात कोणी, विशेषतः पोरं, ती घेत असतील आणि वागणं बदललं तर लगेच डॉक्टरला सांगा. त्रास वर्षानुवर्षं जास्तच असेल तर इम्युनोथेरपी आहे, त्याच परागाचे बारीक डोस देत शरीराला सवय लावायची, इंजेक्शन किंवा जिभेखाली, पण तीन ते पाच वर्षं धीर धरायची तयारी हवी.

बिनपैशाचे उपाय पण करा. सकाळी ऊन चढून फुलं सुकली की पराग सुटतात, तेव्हा खिडक्या बंद, दुपारी खारे वारे आले की उघडा. हेल्मेटची काच खाली ठेवा. बाहेरून आल्यावर तोंड-केस धुवा. मोसमात अभ्रे बाहेर वाळत घालू नका, रात्रभर तोच पराग नाकाला. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, जलनेती, खूप छान, पण पाणी उकळून थंड केलेलंच, नळाचं किंवा विहिरीचं थेट नको, त्यात क्वचित मेंदूत शिरणारा अमिबा असू शकतो आणि तो जीव घेतो. मीठ साधं पुडीतलं, आपलं आगराचं मीठ बांगड्याला ठेवा. आणि छातीत शिट्टी वाजत असेल, रात्री खोकल्याने उठत असाल तर हे घरगुती प्रकरण राहिलं नाही, तो दमा असू शकतो, इनहेलर लागतो, आणि बोलताना वाक्य पुरं होत नसेल तर तडक कॅज्युअल्टी.

त्या सातविणीचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी माझ्या वहीत नाकाचा आकडा 3 वर गेला तो 6 ऑक्टोबरला, सातवीण तर त्याच्याही बारा दिवसांनंतर उमलली, आणि 6 तारखेला शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचं कमरेएवढं गवत तुऱ्यासकट कापलं होतं. पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. झाडाचा अर्ज सध्या बारगळलाय, गवत यंदा तुरे यायच्या आत, चवथीआधी कापायचं ठरलंय, कोणाकडे ग्रासकटर असला तर काकींना सांगा, वर्गणी त्याच जमवतायत.